पुरुषोत्तम राव एकोणीस दिवस गप्प बसले

पुरुषोत्तम रावांच्या घराण्यात बोलणं वंशपरंपरेनं आलं होतं. त्यांचे खापरपणजोबा तंजावूरच्या दरबारात आलेली पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायच्या कामावर होते, आणि पत्र संपलं तरी ते थांबत नसत, असं राव स्वतःच अभिमानानं सांगत. खरं-खोटं कुणी तपासलं नव्हतं. तपासायला मध्ये थांबवावं लागलं असतं, आणि रावांना मध्ये थांबवणं आजवर कुणाला जमलं नव्हतं.

राव जन्मले कुंभकोणमला, शिकले बेताचं, आणि एकोणिसशे ऐंशी साली मद्रासला आले ते अड्यारच्या एका संशोधन संस्थेत काचेची भांडी धुवायला. पुढे मद्रासचं चेन्नई झालं, रावांचे केस पांढरे झाले, पण काम तेच राहिलं. बाटल्या, नळ्या, पेले धुवायचे, वाफेच्या यंत्रात शिजवायचे, भट्टीत भाजायचे आणि शास्त्रज्ञांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. हे काम त्यांच्याइतकं चोख करणारा माणूस संस्थेत दुसरा नव्हता. एकदा एका बाटलीवर डाग आहे असं कुणी म्हणालं, तेव्हा रावांनी ती बाटली उन्हात धरून तो डाग नसून समोरच्या झाडावरचा कावळा आहे हे सिद्ध केलं होतं.

काम करताना तोंड चालू असे. ऐकायला कुणी नसेल तर ते वाफेच्या यंत्राशी बोलत. सगळे त्यांना 'राव सार' म्हणत, आणि मागच्या दारानं जात.

दोन हजार आठच्या जून महिन्यात साताऱ्याची क्षमा नावाची मुलगी पीएच.डी. करायला आली. मराठी बोलणारी! राव सकाळी सात वाजताच तिच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"तू मराठी मणून मॅडम बोलिल्या," ते म्हणाले. "आमचंही मराठीच. तीनशे वर्षं झालीं."

क्षमाला पहिला आठवडा निम्मंच कळलं. ते 'कशाला'ला 'कसाला' म्हणत, 'म्हणून'ला 'मणून' म्हणत, आणि अधूनमधून सबंध वाक्य तमिळमध्ये घालून पुन्हा मराठीत बाहेर येत. दुसऱ्या आठवड्यात तिला सगळं कळायला लागलं, आणि मग फार उशीर झाला होता.

पण मुलगी गोड होती. त्यांना काका म्हणायची, आणि आपलं काम काय ते तिनं त्यांना नीट समजावून सांगितलं. असं आजवर कुठल्याच शास्त्रज्ञानं केलं नव्हतं.

"पेशीत निरोप फिरत असतात, काका," ती डबा खाताखाता म्हणाली. "अमुक प्रथिन बनवा, तमुक बनवा. आरएनएच्या पट्टीवर लिहिलेले. आणि मायक्रो-आरएनए म्हणजे बावीसेक अक्षरांचा एक चिमुकला तुकडा. तो जाऊन त्या निरोपावर बसतो आणि निरोप दाबून टाकतो."

"इतकासा?"

"इतकासाच. आता हे तुकडे बनतात कसे ते कळलंय. पण काम झाल्यावर त्यांना मोडतं कोण, आणि कधी मोडायचं हे पेशी ठरवते कशी, ते धड कुणालाच माहीत नाही. बरेच तुकडे तर दिवसच्या दिवस टिकतात. माझा एक आहे, तो भराभर मोडत असावा असा मला संशय आहे."

"त्याचं नाव काय?"

क्षमानं एक लांबलचक आकडा सांगितला. रावांनी नापसंतीनं मान हलवली. "चिन्ना मणू या," ते म्हणाले. तमिळमध्ये चिन्ना म्हणजे छोटा. त्या दिवसापासून प्रयोगशाळेच्या वहीतसुद्धा त्या तुकड्याचं नाव चिन्ना झालं.

प्रयोग ऐकायला सोपा होता. पेशींना एक औषध घालायचं, म्हणजे नवे तुकडे बनणं बंद. मग सहा तास मोजक्या वेळी थोड्या थोड्या पेशी काढायच्या आणि जुने तुकडे किती उरलेत ते फिल्मवर बघायचं. तुकडे असतील तर काळा पट्टा, नसतील तर कोरी जागा. बरोबर दुसरा एक दणकट तुकडाही मोजायचा, जो दिवसभर जागचा हलत नाही. म्हणजे चिन्ना गेला आणि दणकट राहिला, तर चिन्नाला पेशीनंच मोडलं असं म्हणता येतं.

पहिल्या खेपेला चिन्ना दोन तासांत गेला. क्षमा टेबलाभोवती नाचली. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. रत्नप्रभा मॅडम सहसा हसत नसत, त्याही हसल्यासारख्या दिसल्या. मग त्यांनी फिल्म खाली सरकवून पाहिली आणि पूर्ववत झाल्या. दणकटही गेला होता. सगळंच गेलं होतं. फिल्म म्हणजे नुसतं आभाळ.

पुढच्या खेपेला तेच. त्यापुढच्या खेपेलाही तेच.

"आरएनए मोडणारी कात्री बाहेरून येतेय," मॅडम म्हणाल्या. "घामात असते, बोटांवर असते, धुळीत असते. उकळली तरी मरत नाही. शोधून काढ."

क्षमानं हातमोज्यांवर हातमोजे चढवले. पाणी बदललं, नळ्या बदलल्या, बर्फाची बादली बदलली. तिसऱ्या टेबलावरच्या अवनीनं, म्हणजे तिच्या मैत्रिणीनं, टेबलावर लिंबू-मिरची टांगली. मॅडमनी ती काढायला लावली, कारण मिरचीवरही कात्री असते. रावांनी तर सगळी भांडी दोनदोनदा भाजली. एक पेला इतका भाजला की तो बसका झाला. पहिल्या खेपेपासून प्रयोगाच्या दिवशी ते सहाही तास तिच्या शेजारी उभे असत; आता तर पोरगी रडवेली होते हे बघून हलतच नसत. बर्फ आणून देत, नळ्या हाती देत, आणि तिचं मन रमावं म्हणून तंजावूरच्या गोष्टी सांगत.

पाचव्या खेपेची गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची एक तिरीप थेट टेबलावर पडली होती. समोर बर्फात नळ्या उघड्या ओळीनं उभ्या. राव किल्ल्याचा वेढा सांगत होते, तोफांपाशी आले होते.

"आणि फाड्! फाड्! फाड्! मणून—"

ते थांबले.

उन्हात काहीतरी चमकलं होतं. बारीक, सोनेरी तुषार. त्यांच्या ओठांपासून निघून, मोठ्या डौलानं वळण घेऊन, ते नळ्यांवर उतरत होते. रावांनी खात्री करून घ्यावी म्हणून हळूच पुन्हा म्हटलं, "फाड्." पुन्हा सोनेरी पाऊस.

"काय झालं, काका?" क्षमानं मान न वळवता विचारलं. "पुढे?"

राव दोन पावलं मागे सरले, मग चार. भिंतीला पाठ लागली तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि हातामागून सांगितलं, "कात्री सापडली, पोरी."

क्षमाचा विश्वास बसेना. रावांनीच हट्ट धरला, आणि दुसऱ्या दिवशी रीतसर तपासणी झाली. चांगल्या आरएनएच्या नळीत रावांच्या लाळेचा एक थेंब. मिनिटभरात आरएनए गायब. क्षमानं रावांना बरं वाटावं म्हणून स्वतःची लाळही तपासली. तीही तितकीच जालीम. अवनीची तशीच. मॅडमनी दार लावून घेऊन आपली स्वतः तपासली आणि निकाल कुणाला दाखवला नाही.

"सगळ्यांचीच सारखी आहे, काका," क्षमा म्हणाली.

"पण सहा तास अवघे बोलत नाहींत," राव म्हणाले. ते खरंच होतं.

मॅडमनी त्यांना मास्क लावायला सांगितलं. राव मास्क लावून आले, आणि गोष्टीत महत्त्वाची जागा आली की नीट ऐकू जावं म्हणून मास्क खाली ओढू लागले. मॅडमनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं, तर क्षमाला दुसरा हात मिळेना. एकटीनं नळ्या सांभाळताना दोन उलटल्या. त्या दिवशी संध्याकाळी राव सैदापेटच्या आपल्या घराजवळच्या देवळात गेले आणि त्यांनी मौनाचं व्रत घेतलं. लागोपाठ तीन प्रयोग स्वच्छ होईपर्यंत एक शब्द नाही. प्रयोगशाळेतही नाही आणि घरीही नाही, कारण राव स्वतःला ओळखून होते. घरी सुरू केलेलं वाक्य अड्यारच्या आधी संपत नसे.

व्रत घेण्यापूर्वी त्यांनी ही गोष्ट देवाला सविस्तर सांगितली. बायकोला सांगायचं मात्र राहून गेलं.

जयवंतीबाईंनी लग्नाच्या सत्तावीस वर्षांत अशी सकाळ पाहिली नव्हती. राव उठले, कॉफी प्यायले, हसले, मान हलवली आणि मास्क लावून गेले. पहिला दिवस त्यांना सणासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी त्या दचकल्या. रावांनी एका छोट्या वहीत लिहून दाखवलं, 'मौन. प्रयोगासाठीं.' बाईंना ते पटलं नाही. भांडी धुणाऱ्याचा कसला आलाय प्रयोग? चौथ्या दिवशी त्यांनी रावांना हाताला धरून टी. नगरला घशाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी आरसा लावला, बॅटरी लावली. "आ म्हणा."

राव विचारात पडले. आ हा शब्द आहे का? व्याकरणानं पाहिलं तर तो उद्गार आहे. पण उद्गारातूनही तुषार उडतात. त्यांनी तोंड पूर्ण उघडलं आणि काहीही म्हटलं नाही.

"आ म्हणा, सार. आऽऽ."

राव मोठ्या प्रेमानं त्यांच्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी पाच वेळा स्वतःच आ करून दाखवलं, शेवटी त्यांचाच घसा बसला. त्यांनी बाईंना बाहेर बोलावून सांगितलं, की आत सगळं ठीक दिसतंय, पण माणूस स्वरयंत्र वापरायचं विसरला असावा. घरात त्यांच्याशी भरपूर बोला. बोलणं कानावर पडलं की आठवेल.

जयवंतीबाई त्या दिवसापासून बोलू लागल्या. आधी औषध म्हणून, घड्याळ लावून, अर्धा तास सकाळी, अर्धा तास संध्याकाळी.

इकडे पहिला प्रयोग स्वच्छ झाला. दणकट सगळ्या ओळींत काळाकुट्ट, जागचा न हललेला; आणि चिन्ना फिकट होत होत चौथ्या तासाला नाहीसा. दुसऱ्या प्रयोगातही तसंच. राव मास्क लावून, ओठ घट्ट मिटून, बर्फ देत आणि नळ्या घेत. क्षमालाच आता चुकल्यासारखं वाटे. "तोफांचं पुढे काय झालं हो, काका?" असं ती विचारी, आणि रावांच्या कपाळावरची शीर उडे.

उरला तिसरा. हा सगळ्यात मोठा होता. अर्ध्या बाटल्यांतल्या पेशींत क्षमानं चिन्ना ज्या निरोपावर बसतो तो निरोप मुद्दाम भरपूर घातला होता. चिन्नाला काम मिळालं तर तो टिकतो का, हे तिला बघायचं होतं. दुप्पट बाटल्या म्हणजे दुप्पट नळ्या. रावांशिवाय ते होणार नव्हतं. नऊला सुरुवात.

त्या दिवशी सकाळी जयवंतीबाईंनी रावांची लिहायची वही लपवून ठेवली. लिहायला मिळालं नाही तर झक मारत बोलतील, असा त्यांचा हिशेब. राव वही शोधण्यात उशीर करून बस-थांब्यावर धावत आले. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली होती. समोर एक मोठी पांढरी बस उभी होती, माणसं चढत होती, राव चढले.

आत गारवा होता. गादीची सीट होती. तिकीट मागायला कुणी आलं नाही. शेजाऱ्यानं तमिळमध्ये विचारलं, "पहिली पाळी का, सार?" आणि रावांनी सौजन्य म्हणून मान डोलावली. चष्मा पुसून खिडकीबाहेर पाहिलं तेव्हा गिंडी मागे पडलं होतं आणि अड्यार भलत्याच दिशेला राहिलं होतं. ती बस एका मोटारींच्या कारखान्याची होती. निघाली होती श्रीपेरुंबुदूरला.

राव उठून ड्रायव्हरपाशी गेले. तोंडाकडे बोट दाखवलं, मग मागच्या रस्त्याकडे, मग पोटाशी हात धरून काकुळतीला आले. ड्रायव्हरनं समजुतीनं मान हलवली आणि त्यांना उलटीसाठी प्लास्टिकची पिशवी दिली. राव पिशवी घेऊन जागेवर आले. एक शब्द बोलले असते तर बस थांबली असती. तो शब्द दोनदा दातांपर्यंत आला. दोन्ही वेळा रावांनी तो गिळला, आणि पिशवी मात्र तोंडाशी धरून ठेवली, कारण सबंध बस आता त्यांच्याकडे दयेनं बघत होती.

कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं मास्क पाहून विचारलं, "रंगखातं?" रावांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. पण आपल्याकडे मान आडवी हलवली तरी समोरच्याला हवं ते दिसतं. त्यानं त्यांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं आणि रंगखात्याकडे पाठवलं. दहा मिनिटांनी राव एका बिनरंगाच्या मोटारीसमोर उभे होते आणि एक गृहस्थ त्यांना आदरानं विचारत होते, की काय वाटतं, सार, थर बरोबर बसेल ना?

बारा वाजत आले तेव्हा कुठे रावांना तिथून बाहेर पळता आलं. आवारात एक तरुण इंजिनिअर फोनवर मराठीत कुणालातरी झापत होता. "अरे तन्मय बोलतोय मी, चिंचवडला कळवलं होतं ना कालच!" मराठी! आणि रावांना बोलता येत नव्हतं! त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी तन्मयची बाही धरली, त्याला शेजारी उभ्या असलेल्या धुळकट टेम्पोपाशी ओढत नेलं, आणि दारावरच्या धुळीत बोटानं लिहिलं: 'अड्यार. प्रयोग. मौन. चिन्ना मरतो.'

तन्मयनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. मग तो घाबरला. "काका, चिन्ना कोण? मुलगा तुमचा?"

रावांनी क्षणभर विचार करून मान डोलावली. खोटं तर खोटं, पण त्यात शब्द नव्हता.

तो टेम्पो सुटे भाग घेऊन शहराकडे निघतच होता. तन्मयनं त्यांना पुढे बसवलं आणि ड्रायव्हरला बजावलं, की जीव-मरणाचा प्रश्न आहे. ड्रायव्हरनं त्या दिवशी जो टेम्पो हाणला, तसा त्यानं पूर्वी कधी हाणला नसेल. एक वाजायला पाच मिनिटं असताना राव पिवळ्या हेल्मेटसकट प्रयोगशाळेत शिरले. क्षमा दोन्ही हातांत नळ्या, दातांत हातमोजा धरून उभी होती. चार तासांचा नमुना घ्यायची वेळ झाली होती.

  रावांनी हात धुतले, मोजे चढवले आणि बर्फाची बादली पुढे केली.

तीन दिवसांनी फिल्म धुऊन निघाली. सगळे खिडकीपाशी जमले. दणकट जागच्या जागी होता. साध्या पेशींत चिन्ना चार तासांत गेलेला. आणि ज्या पेशींत निरोप भरपूर होते, तिथे चिन्ना सहाव्या तासालाही ठणठणीत, काळाभोर.

"म्हणजे निरोपावर बसलेला असेपर्यंत पेशी त्याला मोडत नाही," क्षमा हळूच म्हणाली. "काम संपून तो सुटा झाला की मग मोडते. निदान या पेशींत तरी."

"निदान या पेशींत," मॅडमनी बजावलं, आणि मग त्या चक्क हसल्या. दात दिसले. मग सगळे रावांकडे वळले. एकोणीस दिवस झाले होते. व्रत संपलं होतं. रावांनी मास्क काढला, दूर तीन पावलं जाऊन उभे राहिले, घसा खाकरला. संस्थेतली माणसं दारात गोळा झाली होती. कुणी मागच्या दारानं गेलं नाही.

"बर्फ संपला आहे," राव म्हणाले. "यंत्र बिघडलंय. सोमवारपासून सांगायचं होतं."

एवढंच. बाकीचं सगळं घशात इतकं दाटलं होतं की आधी कुठलं काढावं हे त्यांना कळेना.

शोधाचं पुढे काय झालं, तर फार काही झालं नाही. क्षमाचा लेख तयार होईपर्यंत परदेशात दुसऱ्या कुणीतरी कृमींवर असंच काहीसं दाखवून छापलंही. क्षमा एक दिवस रडली, मग तिनं लेख एका लहान नियतकालिकात दिला, आणि तो दोन हजार नऊच्या डिसेंबरात आला. अखेरच्या आभारांत रावांचं नाव होतं: काचसामानासाठी आणि संयमासाठी. मोडणारी कात्री पेशीत नेमकी कुठली, हे तिला सापडलं नाही. ते शोधायला ती अजून तीन वर्षं तिथेच राहणार होती, आणि रावांनी प्रयोगाचे दिवस सोडून इतर दिवशी तिला तोफांचं पुढे काय झालं ते सांगायला सुरुवात केली होती.

घरी मात्र वेगळंच होऊन बसलं. जयवंतीबाईंचं औषध थांबेना. अर्ध्या तासाचा तास झाला होता, तासाचे दोन. सत्तावीस वर्षांचं साठलेलं होतं. राव प्रयोगशाळेतून भरल्या तोंडानं घरी येत, "अगो, आज काय झालं मणजे—" म्हणत, आणि बाई "ते राहू द्या, आधी हें ऐका," म्हणून सुरू करत.

एका रविवारी सकाळी राव इडली खात बसले होते. बाई सांगत होत्या, की शाळेत असताना त्या कुंभकोणमला धावण्याच्या शर्यतीत पहिल्या आल्या होत्या. अनवाणी. लांब परकर कमरेला खोचून. आणि बक्षीस म्हणून पितळेचा तांब्या मिळाला, तो हाच, ज्यातून तुम्ही रोज पाणी पिता.

रावांनी तांब्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. हातातली इडली तशीच राहिली.

"धावत होतीस? तू?" ते म्हणाले. "आणि दुसरी कोण आली?"

"मध्ये बोलूं नका," जयवंतीबाई म्हणाल्या. "अजून शिटीच वाजली नाहीं."